जेवणानंतरची गोळी

पंकजा सिस्टर पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही. टाळकंच फिरलेलं होतं माझं. आईनं आदल्या दिवशी माझं शिलाई मशीन चादरीत गुंडाळून माळ्यावर चढवलं होतं. माझे पाय लहानपणापासून लुळे, घरात फिरायचं ते भिंत धरून. पण हात झकास! मोटरच्या मशीनवर मी पारनेरच्या बाजूच्या चार गावांची ब्लाउजं शिवत होते. मग आदल्या वर्षी फिट यायला लागली, गोळ्या सुरू झाल्या. "सुईखाली बोट गेलं म्हंजी?" आई म्हणाली, आणि विषय संपला.

सिस्टर मूळच्या अकोल्याकडच्या, नोकरीला एकोणीस वर्षं झालेली. आमच्यासारख्या घरीच असलेल्या माणसांच्या गोळ्या बघायला महिन्यातून एकदा स्कूटीवर येतात. आवाज असा, की सिस्टर आल्यात हे गल्लीच्या टोकाला कळतं. आणि मोजायची भारी खोड! आमच्या कोंबड्या किती, ओट्याच्या पायऱ्या किती, काही सोडणार नाहीत. गोळ्या घेतल्या का, असं मात्र कधी विचारत नाहीत. "विचारलं की सगळेच हो म्हणतात. पाकिटं दाखवा," म्हणतात.

त्या पहिल्या दिवशीही त्यांनी तेच म्हटलं आणि आईनं पाकिटं पुढं केली.

"महिन्याच्या साठ गोळ्या, आणि ह्या आठ उरल्या. कशा काय, मावशी?"

आई तडकली. "एक दिस चुकला न्हाई, सिस्टर! सकाळ-सांच्याला माज्या हातानं देते मी."

सिस्टर भांडल्या नाहीत. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेल्या. मला फिट आली की आई त्या तारखेला लाल गोल करायची. सिस्टरांनी जानेवारीपासून एकेक पान उलटलं, प्रत्येक गोलावर बोट ठेवलं. जूनच्या पानावर, सतराव्या गोलावर बोट थांबलं.

"हे सगळे शुक्रवारीच कसे? गुरुवारी काय असतं तुमच्याकडं?"

"उपास. दोगींचाबी. पोरीची फिट थांबावी म्हनून शिर्डीच्या बाबांना बोललेय मी. शुक्रवारी सकाळी सोडतो."

"आणि गुरुवारची गोळी?"

"जेवणानंतर द्या म्हनले हुते डॉक्टर," आई म्हणाली. "उपासाला जेवान कुटं असतंय?"

आईचं काय घेऊन बसलात, माझ्या तरी डोक्यात कुठं आलं होतं? खिचडी म्हणजे फराळ, ते काही जेवण नव्हे. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. डॉक्टरांनी गोळ्या नियमित का म्हणून विचारलं, तेव्हा आम्ही दोघींनी छातीठोक हो म्हटलं. त्यांनी बिचाऱ्यांनी डोस दोनदा वाढवला, आणि मी दुपारपर्यंत पेंगत पडायला लागले.

तो दिवसही गुरुवारच होता. सिस्टरांनी आईकडून वाटीभर खिचडी मागून घेतली, दोन घास खाल्ले आणि पर्समधली बीपीची गोळी गिळली. "माझाही उपवास आहे, मावशी. मोडला का? फराळावर गोळी चालते." त्या माझ्याकडं वळल्या. "ज्ञानेश्वरी, आता तू घे." मग त्यांनी सगळ्या तारखा एका चिठ्ठीवर उतरवल्या. "ही डॉक्टरांना दाखवा. डोस तेच कमी करतील. तुम्ही आपल्या मनानं एक गोळीसुद्धा कमी करायची नाही."

आई चुलीपाशी बसून राहिली. त्या दिवशी तिनं स्वतःची खिचडी काही खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी फिट आली नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. चिठ्ठी वाचून डॉक्टरांनी हळूहळू डोस उतरवला, माझं पेंगणं गेलं. डिसेंबरपर्यंत कॅलेंडरवर एकही नवा गोल नव्हता. डॉक्टर हो म्हणाले आणि आईनं स्वतः शिडी लावून मशीन खाली आणलं. मला इतकं रडू आलं की सुईत दोरा ओवता येईना.

पहिलं ब्लाउज सिस्टरांचं. त्या कापड घेऊन आल्या, मी माप घेतलं, चहा झाला. सिस्टर निघाल्या तशी आईनं त्यांचा हात धरला. सहा महिने पोटात ठेवलेलं तिनं विचारलं.

"सिस्टर, खरं सांगा. माज्यामुळं किती बारी फिट आली पोरीला?"

सिस्टरांनी एकदा कॅलेंडरकडं बघितलं.

"ते मी मोजलं नाही, मावशी."

आमच्या कोंबड्या मोजणारी बाई ही! आई त्यांच्याकडं बघत राहिली, मग पदर डोळ्यांना लावला. तिलाही कळलं असणार. तिनं माझ्याकडं वळून बघितलं तेव्हा मी मान खाली घातली आणि मशीन सुरू केलं.