आल्याचा घरचा सोडा

झाकण दिसलं की उघडून बघायचं, ही माझी जन्माची खोड. लोणचं मुरायच्या आत मी बरणी चारदा उघडणार. कुकरची वाफ जायच्या आत माझे हात शिवशिवणार. आमच्या ह्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत हे ओळखलं आणि फराळाचे डबे माळ्यावर चढवले. मी स्टूल घेऊन वर चढले आणि बघून आले. हे आधीच सांगून ठेवते, कारण आल्याच्या सोड्याचं सगळं लचांड ह्या खोडीतूनच सुरू झालं.

मंगळवार पेठेत आमचं बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर एवढं घर. मी घरी ब्लाउज शिवते. मशीनवर बसलं की हातपाय कामात असतात, कान रिकामे, म्हणून मोबाईल समोर टेकवून ठेवते. एकदा त्यात एक परदेशी बाई दिसली. तिनं काचेच्या बरणीत सालीसकट आलं किसून घातलं, वर साखर, वर पाणी, आणि तोंडाला फडकं बांधून बरणी ओट्यावर ठेवून दिली. रोज थोडं आलं आणि थोडी साखर घालत गेली, आणि काही दिवसांनी त्यातून भसाभसा बुडबुडे यायला लागले. ना गॅस, ना शेगडी, गार पाणी आपलं आपण उकळतंय! मी मशीनवरचा पाय उचलला. गिऱ्हाइकाची बाही तशीच सुईखाली राहिली. आल्याच्या सालीत म्हणे डोळ्यांना न दिसणारं काहीतरी जिवंत असतं, ते साखर खातं आणि वारा सोडतं. ते पाणी लिंबू-साखरेच्या पाण्यात मिसळून बाटलीत बंद केलं की झणझणीत सोडा तयार. ते लोक त्याला आल्याची बिअर म्हणतात.

नुसतं कुतूहल असतं तर मी एक बरणी लावून, गंमत बघून सोडून दिलं असतं. पण तेव्हा घरात माझा धाकटा दीर राहायला होता.

मी लग्न होऊन आले तेव्हा हा शाळेत जात होता. माझ्या हातची भाकरी खाऊन मोठा झाला, त्यामुळं तो मला वहिनी म्हणतो आणि अगंतुगंच करतो. गावाकडं, बिद्रीच्या बाजूला, आमचं थोडं रान आहे. ते तोच बघायचा आणि हंगामात ट्रॅक्टरनं ऊस ओढायचा. त्यातच त्याला दारू लागली. लपवून काय उपयोग, हातभट्टीची लागली. बायको पोरीला घेऊन माहेरी गेली. पुढं पोटात पाणी झालं, दवाखाना झाला, व्यसनमुक्ती केंद्र झालं. परत एकदा जरी घेतली तरी आमच्याकडं आणू नका, सरळ घाटावर न्या, असं डॉक्टरांनी आम्हाला तोंडावर सांगितलं होतं. गावात ठेवावा तर जुने दोस्त दारात येऊन उभे, म्हणून हे त्याला इकडं घेऊन आले.

दिवसा तो चांगला असायचा. मला भाजी निवडून द्यायचा, काजं-बटणंसुद्धा करायला शिकला. दिवेलागण झाली की मात्र त्याला काय करावं सुधरायचं नाही. चहा प्यायचा, परत चहा प्यायचा, दारात जाऊन उभा राहायचा, परत येऊन बसायचा. मला बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. आडून आडून विचारणं मला जमत नाही. मी सरळ विचारलं, बाबा, नेमकं काय पाहिजे वाटतं तुला? त्यानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला की घशाला काहीतरी लागायला पाहिजे, चहा नुसता गिळला जातो. बाहेरून सोडा आणावा तर सोड्याच्या गाड्याला लागूनच परमिट रूम. म्हटलं, सोडा घरातच होणार असेल तर झक मारायला बाहेर कशाला जायचं?

ह्यांना सांगितलं तर ह्यांचं डोकं फिरलं. लोक त्याला बिअर म्हणत्यात आणि तू ती ह्याला पाजणार, असं म्हणून जेवता जेवता उठायला लागले. मी म्हटलं, इडलीचं पीठ पण रातोरात फुगतं की. इडली खाऊन कोण झिंगत कामाला जातं का? हे परत ताटावर बसले. त्या बाईनंही सांगितलं होतं की साखर बेताची घालून लवकर पिऊन टाकलं तर नशा नावालाही नसते. मी तेवढं धरून बसले.

पहिली बरणी मेली. मेली म्हणजे काय, त्यात जीवच आला नाही. मी मंडईतून आलं आणलं, चोळून चोळून धुतलं, साल पार तासून काढली आणि पाणी उकळून गार करून घातलं. आपल्याला शिकवणच ती, मातीचा कण पोटात जाता कामा नये. आठवडाभर मी त्या बरणीत डोकावत होते आणि ती माझ्याकडं मठ्ठासारखी बघत होती. मग व्हिडिओ परत लावला, दिराला शेजारी बसवलं, आणि आम्हा दोघांना एकदमच कळलं की जे जिवंत होतं तेच मी तासून कचऱ्यात टाकलं होतं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मला राग यायला पाहिजे होता, पण त्याला हसताना किती दिवसांनी ऐकत होते मी! राग आलाच नाही.

दुसरी बरणी आम्ही दोघांनी मिळून लावली. आलं नुसतं पाण्याखाली धरलं, साल ठेवली, पाणी माठातलं घेतलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरती चार बुडबुडे आले. मी मशीन सोडून पळत आले. दीर आधीच तिथं होता, बरणीला कान लावून. बारीक चुरचुर आवाज येत होता. आतमध्ये कुजबुज चाललीय गं, असं म्हणाला आणि मलाही कान लावायला लावला. त्या दिवसापासून बरणी त्याची झाली. सकाळी उठला की दात घासायच्या आधी तिला आलं-साखर घालायचा. मी म्हटलं, माझ्या बरणीला हात लावायच्या आधी निदान तोंड तरी धू.

पुढं बाटल्यांचं आलं. काचेची बाटली फुटायची भीती, म्हणून थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटल्या धुऊन घेतल्या. आत वारा किती भरलाय ते अंगठ्यानं दाबून बघायचं. तो टायरची हवा बघितल्यासारखा एकेक बाटली दाबायचा आणि अजून कच्ची हाय म्हणून परत ठेवायचा. पहिली बाटली उघडली तेव्हा फस्स करून फेस वर आला. त्यानं पहिला घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, आल्याचा ठेचाच तो. लागतंय घशाला, एवढंच म्हणाला. सगळा पेला संपवला आणि त्या संध्याकाळी दारात जाऊन उभा राहिला नाही. मी आत जाऊन ओट्यापाशी पदरानं डोळे पुसले. ह्यांनीसुद्धा अर्धा पेला मागून घेतला.

असं बरेच दिवस छान चाललं. मग मला गूळ आठवला.

आमचा ऊस कारखान्याला जातो, पण थोडा दरवर्षी गावातल्या गुऱ्हाळावर नेऊन घरापुरता गूळ काढतात. त्याची ढेप आमच्या स्वयंपाकघरात बाराही महिने असते. चहात गूळ, आमटीत गूळ, आल्यागेल्याला गूळपाणी. आमच्यासारख्या उसाच्या घरात सोड्यासाठी साखरेच्या पिशव्या विकत आणायच्या हे मला आधीपासून डाचत होतं. आणि मुख्य म्हणजे खोड! साखरेनं एवढं होतं तर गुळानं काय होईल? एका दुपारी दीर केस कापायला गेला होता, तेव्हा मी ढेपेतला चांगला मोठा खडा फोडला, पाण्यात विरघळवला, बरणीतलं पाणी घातलं आणि बाटल्या भरल्या. त्याला नंतर दाखवून चकित करायचं म्हणून पिठाच्या डब्यामागं ठेवल्या. थंडीचे दिवस, लवकर काही फुगेनात. आणि मलकापुरात माझ्या भाचीचं लग्न आलं.

दीर लग्नाला येणार नव्हता. मांडवामागं पोरं काय घेऊन बसतात ते त्याला माहीत होतं, आणि त्यानंच ते आम्हाला स्पष्ट सांगितलं. मला त्याचं कौतुक वाटलं. मी फ्रिजमध्ये भाजी, दही, भिजवलेलं पीठ, सगळं भरून ठेवलं, गॅस कुठं बारीक करायचा तेसुद्धा सांगितलं आणि आम्ही दोघं गेलो. हळद, लग्न, पूजा असं करून परत यायला चांगले तीन-चार दिवस लागले.

आलो तर दीर बाहेरच्या खोलीत कॉटवर बसलेला. दाढी वाढलेली, तोंड उतरलेलं. स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी, आणि कडीवर सुतळीची गाठीवर गाठ. मी विचारलं, हे काय? तो कॉटवरून उठला नाही. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं. दोघांच्याही मनात एकच आलं, पण ह्यांनी जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला तर तोंडाला फक्त उपाशी माणसाचा वास. मी नखांनी सुतळी सोडवत त्याला झाडायला सुरुवात केली. मी एवढं करून ठेवलं ते सडवलंस का, फ्रिज काय शोभेला ठेवलाय का, बाहेरचा वडापाव खाऊन आजारी पडायचंय का? तोंड चालू झालं की माझं थांबत नाही.

दार उघडलं आणि आत गोड, पिकलेला वास भरून राहिलेला. मला तर तो आवडला, गुऱ्हाळावर गेल्यासारखं वाटलं. पिठाच्या डब्यामागच्या बाटल्या फुगून बुडाशी गोल झाल्या होत्या, उभ्या राहीनात, एकीच्या झाकणातून फेस पाझरला होता. मी सगळा राग विसरले. जमलं की, म्हणत एक बाटली उघडली, फेस थेट भिंतीवर गेला. पेला भरला आणि तशीच त्याच्याकडं घेऊन आले. बघ तुझ्या वहिनीनं काय केलंय ते, म्हणून पेला त्याच्यापुढं धरला.

तो कॉटवरून उठून भिंतीला जाऊन टेकला. दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"ह्यात हाय, वहिनी," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मी स्वतः एक घोट घेतला. आल्याच्या मागून घशातून छातीपर्यंत ऊन उतरत गेलं, साखरेच्या सोड्यानं असं कधी झालं नव्हतं. मी पेला खाली केला. त्यानं मग तुटक तुटक सांगितलं. आम्ही गेलो त्याच दिवशी त्याला वास लागला. गूळ आंबल्याचा वास त्याला झोपेतसुद्धा ओळखता आला असता, गावाकडं ओढ्याकाठच्या हातभट्टीवर त्यानं तो वर्षानुवर्षं हुंगला होता. बाटल्या कुठं आहेत तेही त्याला न शोधता कळलं. तेव्हा त्यानं दार लावून घेतलं आणि कडीला गाठी मारल्या. मन झालं तरी गाठी सोडवेपर्यंत वेळ जावा म्हणून. एकदा निम्म्या सोडवल्यासुद्धा होत्या, परत मारल्या. बाहेर खायला जावं तर वाटेत परमिट रूम, म्हणून तेही नाही.

ज्या दारूपासून त्याला लांब ठेवायचं तीच मी घरात भरून ठेवली होती, आणि वर त्याला शिव्या घालत होते. मला लाज वाटली, इतकी की त्याच्याकडं बघवेना. ह्यांनी मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण ह्यांनी नुसता माझ्या हातातला पेला काढून घेतला. शेवटी मीच विचारलं, मग अरे, त्याच दिवशी मोरीत ओतून का टाकलं नाहीस?

"एकट्यानं बाटली हातात घेतली असती, तर ओतली नसती."

मी बाटल्या उचलायला लागले, आत्ता सगळ्या ओतून टाकते म्हणून. ह्यांनीही पिशवी काढली. पण त्यानं मला थांबवलं. मीच ओतणार, म्हणाला, फक्त तू हितं मोरीच्या दारात उभी राहा, हलू नको. मी उभी राहिले. त्यानं एकेक बाटली घेतली, तोंड दुसरीकडं वळवून झाकण फिरवलं आणि पालथी धरली. फेस मोरीभर झाला. मी तांब्यानं पाणी सोडत होते. शेवटची बाटली त्यानं बराच वेळ हातात धरली. हे पुढं झाले, मी हातानंच त्यांना थांबा म्हटलं.  मग त्यानं तीही ओतली.

साबणानं हात धुतले. परत धुतले. ओले हात माझ्या नाकासमोर आणून धरले आणि येतोय का बघ, म्हणाला. मी चांगलं हुंगून बघितलं आणि खरं तेच सांगितलं. आल्याचा येत होता, गुळाचा येत नव्हता. आल्याचा असू दे, म्हणाला. पण स्वतः मात्र त्यानं हात नाकाशी नेले नाहीत. माझ्याच पदराला पुसले, लहानपणी पुसायचा तसे.

"लय भूक लागलीया गं," तो म्हणाला, आणि मी परात काढली.