नणंदेचा स्वल्पविराम

माझ्या धाकट्या नणंदेइतका स्वल्पविरामावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा सापडायचा नाही. बिनस्वल्पविरामाचा मोठा आकडा तिला बिनइस्त्रीच्या सदऱ्यासारखा खुपायचा. कोपरखैरण्याला आमच्या शेजारच्या काकांच्या स्कूटरच्या नंबरप्लेटवर तिने एकदा खडूने स्वल्पविराम काढला होता. पत्रावरच्या पिनकोडातही घालायची. शेवटी पोस्टमनच म्हणाला, "ताई, हा पत्ता हाय का लाइटबिल?"

नव्वदीच्या दशकात ती वाशीच्या एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डासाठी तिने प्रोग्राम केला होता. कंटेनरचा नंबर निवडला, की त्याची सगळी माहिती पडद्यावर यायची. पण वजनांच्या बेरजा इंग्रजी पद्धतीने, तीन-तीन आकड्यांच्या गटांत उमटत. "लाखाला लाखासारखं दिसू दे ना!" म्हणत तिने आपल्याकडचे स्वल्पविराम घालणारा प्रोग्रामचा तुकडा स्वतः लिहून वजनाच्या प्रत्येक आकड्याला जोडला आणि आठवडाभर घरात नुसती मिरवली.

प्रोग्राम दाखवायला रविवार ठरला. सासूबाई तिला एकटीला सोडेनात, म्हणून मीही गेले. कारकुनाने पहिला कंटेनर निवडला. तो रिकामा, वजन अगदी थोडं. मग दुसरा निवडला. नंबर बदलला, मालकाचं नाव बदललं, वजन मात्र तेच राहिलं. "हलकाच हाय," म्हणत यार्डाच्या मुकादमाने तो उचलायला बाहेरच्या छोट्या क्रेनला हात केला. आदल्या दिवशी माहिती नणंदेनेच भरली होती. तो कंटेनर फरश्यांनी गच्च भरलेला, त्या क्रेनला न पेलणारा, हे तिला ठाऊक होतं. ती ताडकन उठली. "थांबवा! हे वजन मागच्याचं आहे!"

शेजारी बसलेले तिच्या कंपनीचे साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "खाली बस. पार्टीसमोर तमाशा नको."

ती कसली बसतेय! धावत बाहेर गेली आणि क्रेनसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. क्रेन थांबली. आत येऊन तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी आहे. कंटेनर बदलला, हे माझ्या तुकड्याला कळतच नाही. तो जुनाच आकडा सजवून दाखवतो." साहेबांचा चेहरा पडला. तिथेच बसून तिने दुरुस्ती केली. कंटेनर बदलला, की आता त्या तुकड्यालाही लगेच वर्दी जायची. मग एकेक कंटेनर पुढेमागे करून तिने मुकादमाकडून वजनं मोठ्याने वाचून घेतली.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "आनि सोताची चूक सांगनारी पोर हाय, मंग ठेवू आमी तुमचा प्रोग्राम."

परतीच्या जीपमध्ये ती मला चिकटून बसली. मग हळूच म्हणाली, "वहिनी, ती क्रेन कलंडली असती आणि खाली कुणी असतं तर?" मी तिचा हात धरला. भर उन्हात तो गार पडला होता.

पुढे ती लग्न होऊन बंगळूरला गेली. आता मोठ्या हुद्द्यावर आहे. फोन येतात, थोडके, घाईतले. हाताखालची माणसं तिला फार कडक म्हणतात, असं ऐकते. मला मात्र त्या जीपमधली ती आठवते. माझ्या खांद्यावर डोकं टाकून लहान मुलीसारखी झोपली होती आणि घर आलं तरी तिला उठवावंसं मला वाटेना.