काकूंची बटणं

लिफ्टवाल्या काकांचा जन्म वरखाली करण्यात गेला, असं ते स्वतःच सांगायचे. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. घरात मात्र त्यांनी कधी इकडची काडी तिकडे केली नाही. पाण्याचा पेलासुद्धा काकू हातात आणून द्यायच्या.

मग काकूंना डिमेन्शिया झाला. आधी गॅस तसाच चालू राहू लागला, मग घरचा रस्ता सापडेना, शेवटी काकाच ओळखू येईनात. मुलीने नर्सिंग होम शोधलं. काका म्हणाले, "बरं." त्या दिवसांत ते सगळ्यालाच 'बरं' म्हणत. वाईट वाटायचं केव्हाच थांबलं होतं, आणि दुसरं काही वाटायला लागलं नव्हतं.

रोज सकाळी ते बसने तिथे जायचे. काकूंच्या स्वेटरची बटणं लावायची, वेणी घालायची, घास भरवायचा. वॉर्डातल्या मावशी खूश होत्या. त्यांचं एका पेशंटचं काम परस्पर होत होतं.

अशात तिथे नव्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट आल्या, म्हणजे पेशंटला रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या मॅडम. त्यांनी काही दिवस नुसतं बघितलं. मग एकदा काकांना बाजूला घेतलं.

"काका, उद्यापासून बटणं तुम्ही लावायची नाहीत."

"तिला जमत नाही हो, मॅडम."

"जमत नाही की आपण करू देत नाही, ते बघू. डोकं विसरलं तरी हातांना बरंच आठवतं. पण वापरले नाहीत तर हातही विसरतील."

"बरं."

मॅडमनी स्वेटरला मोठी बटणं शिवून घेतली. कपडे घालायच्या क्रमाने पलंगावर मांडायला सांगितले. पांढऱ्या ताटाच्या जागी निळं ताट आलं, वाढलेलं नीट दिसावं म्हणून. चमच्याला जाड मूठ बसवली. संडासाच्या दारावर मोठं चित्र लावलं.

पहिल्या दिवशी काकू एकाच बटणाशी झटत राहिल्या. काकांचे हात सारखे पुढे जायचे. शेवटी ते हात मांडीखाली दाबून बसले. बटण लागलं, पण चुकीच्या काजात. मॅडम म्हणाल्या, "असू दे."

हळूहळू सगळी बटणं लागू लागली. काकू आपल्या हाताने जेवू लागल्या. दुपारचा त्यांचा आरडाओरडा कमी झाला. मग मॅडमनी इतर पेशंटनाही हेच सुरू केलं.

मुलीने व्हिडिओ कॉलवर आईला जेवताना पाहिलं आणि ती रडलीच. "बाबा, तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला की."

काकांनी आत चाचपून पाहिलं. काहीच हाताला लागलं नाही.

एक दिवस ते गेलेच नाहीत. कोणाचा फोनही आला नाही. दुसऱ्या दिवशी दारातच मॅडम भेटल्या.

"मॅडम, तिचं चांगलं झालं. आता मी काय करायचं, ते तुमच्या शिक्षणात नव्हतं का?" आवाज चढलेला नव्हता. लिफ्टचा कुठला भाग बदलायचा, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"होतं, काका. मीच विसरले. मी फक्त काकूंकडे बघत होते." मग मॅडमनी त्यांना आत नेऊन टेबलाशी, काकूंच्या समोर, एक खुर्ची ओढून दिली.

काकू मटार सोलत होत्या. त्यांनी काकांकडे पाहिलं.

"कोणाकडे आलात?"

"इथंच."

"मग नुसते काय बसलात? सोला."

काकांनी शेंग दाबली. दाणे टेबलावर उडाले.

"शी! बायकोने काही शिकवलं नाही वाटतं?"

"नाही. सगळं तीच करायची."

"लाडावून ठेवलंय तुम्हाला," काकू म्हणाल्या, आणि शेंग कशी उघडायची ते काकांचं बोट धरून दाखवलं.

त्यानंतर काका पुन्हा रोज येऊ लागले. मॅडम आता नवा पेशंट आला की नातेवाइकांसाठीही टेबलाशी जागा ठेवतात. मुलीने विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "विशेष काही वाटत नाही गं. पण जातो. ती काम सांगते."