पाठीवर उडणारं विमान

गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात गुणवंतराव फुलझेले टर्नर होते. १९८४ साली तिथले एक इंजिनिअर बदलून गेले आणि जाताना रेडिओवर चालणारं आपलं पिवळं विमान त्यांना देऊन गेले. गुणवंतरावांनी ते दोनदा जमिनीत घातलं. दुरुस्त करून तिसऱ्यांदा ते चालवायचा दोन दांड्यांचा रेडिओ बायकोच्या हाती दिला. म्हणाले, "तूच पाय बरं उडवून."

इंदुताई अंगणवाडी चालवायच्या. त्यांच्या हातात विमान टाकीतलं तेल संपेस्तोवर हवेत राहिलं. त्या दिवसापासून जोडणं नवऱ्याचं आणि उडवणं बायकोचं, असंच ठरून गेलं.

ते विमान शिकाऊ माणसासाठीच केलेलं होतं. पंख धडाच्या वर, घाबरून रेडिओच्या दांड्या सोडल्या की आपसूक सरळ व्हायचं. एक दिवस इंदुताईंनी विचारलं, "याले उलटं नाई उडवता येत काऊन?"

"याचा पंख वरून फुगीर, खालून सपाट. उलटं केलं का खालीच येते. त्याच्यासाठी दुसरंच बनवा लागते."

"मंग बनवा नं."

कलकत्त्याहून हलकं लाकूड आलं. पावसाळाभर घरात डिंकाचा वास होता. दिवाळीनंतर लाल विमान तयार झालं: पंख धडाच्या बरोबर मध्ये, दोन्ही बाजूंनी सारखाच फुगीर.

रविवारी खाणीपलीकडच्या माळावर सगळे गेले. सासू अंजनाबाई शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर बसल्या. विमान उठलं ते थेट चढत गेलं. इंदुताईंनी त्याला वळवलं आणि सवयीनं दांड्या सोडल्या. ते सरळ झालंच नाही. तसंच तिरपं, नाक खाली करून खाणीकडे निघालं.

"अवो, सीधं होऊन नाई राह्यलं!"

"ते स्वतःहून नाई होत, इंदू! तुलेच करा लागते!"

त्यांनी आधी पंख सरळ केले, मग दांडी मागं ओढली. विमान झुडपांवरून सरकत वर आलं.

"उतरव आता," गुणवंतराव म्हणाले.

पण इंदुताईंचं लक्ष वर होतं. हे विमान कुठं जायचं ते स्वतः ठरवत नव्हतं. जिथं ठेवलं तिथंच राहत होतं. त्यांनी उंची घेतली आणि दांडी बाजूला नेली. पंख फिरला, पोट आभाळाकडे झालं. नाक झुकू लागलं. विमान उलटं, तर दांडीही उलटी: मागं ओढायला गेलेला अंगठा त्यांनी आवरला आणि दांडी पुढं ढकलली. नाक उचललं गेलं.

विमान उलटं, सरळ रेषेत, लांबवर माणिकगडाच्या डोंगराकडे चाललं होतं. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया ओटीत हात तसाच ठेवून वर पाहत उभ्या होत्या.

विमान उतरल्यावर अंजनाबाई जवळ आल्या. गरम इंजिनाला हात लागू न देता त्यांनी पंखाखालून बोट फिरवलं.

"पोरी, ते उलटं होतं तवा तुले कसं वाटून राह्यलं होतं?"

इंदुताईंनी रेडिओ गवतावर ठेवला.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "मले वाटलं, आभाळ खाली हाय अन् आपन सारेजन त्याच्यावर लटकून हावोत."

अंजनाबाईंनी डोळ्यांवर हात धरून आभाळ पाहिलं. मग म्हणाल्या, "अजून एक डाव उलटं कर."

गुणवंतराव टाकीत तेल भरू लागले.