ओट्यासकट

यवतमाळच्या कापूसबाजाराजवळचा काळ्या दगडाचा बार उकंडा राठोड चालवतो. आतल्या सागवानी काउंटरवर एके काळी जिनिंग कारखान्याचे गोरे साहेब पेले टेकवत. उकंडाचा आजा तांड्यातून कापसाच्या गाड्या घेऊन यायचा. त्याला उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती. तो आणि बाकीचे गाडीवान बाहेरच्या ओट्यावर बसून प्यायचे. बापानं इथंच पेले विसळले. उकंडानं बार विकत घेतला.

आता रस्ता रुंद होणार होता आणि त्यात ओटा जाणार होता. शहराच्या वारसा यादीत नाव लागलं तरच तो वाचणार. समिती पाहायला येतेय म्हटल्यावर, घरी पाहुणे येताना आपण जे करतो तेच उकंडानं केलं. ऑइलपेंट आणला आणि ओटा पोपटी करून टाकला.

“उकंडा, पोरीचं लगन काढलं का बे?” रोजचे गिऱ्हाईक सदाशिवराव रस्त्यावरूनच ओरडले.

“उद्या समिती येऊन राह्यली ना.”

“अबे, ते जुनं पाहाले येऊन राह्यले! तू तं ओट्याले नवरदेव करून ठेवला.”

उकंडाचा चेहरा उतरला. दुपारभर दोघं पत्र्यानं रंग खरवडत बसले. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांनीही पिण्याआधी हात लावला. तरी दगडाच्या छिद्रांत पोपटी रंग राहिलाच.

दुसऱ्या दिवशी समितीच्या दिपाली मॅडमनी काउंटरवरून हात फिरवला, खूश झाल्या. ओट्यापाशी मात्र थबकल्या.

“आतला भाग नक्की घेऊ, काका. ओटा खराब झालाय, तो सोडावा लागेल.”

मोठ्या माणसांपुढे उकंडा सहसा गप्पच असे.

“मॅडम, आत साहेब बसत. आमचा आजा इथं बसे. ओटा सोडून नाव लागत असन, तं मले नाव नको.”

मॅडम साडी सावरून ओट्यावरच बसल्या. “आजोबांचं सांगा,” म्हणाल्या.

उकंडानं सांगितलं. गाड्या कुठे सुटत, बैल कुठे बांधत, आतून पेला कोणत्या खिडकीतून मिळे, सगळं.

यादी प्रसिद्ध झाली तेव्हा बारच्या नावापुढे ‘गाडीवानांच्या ओट्यासह’ असं छापून आलं होतं. सदाशिवरावांनी ते भर बाजारात मोठ्यानं वाचलं.

“थांबा,” उकंडा म्हणाला. “गाडीवानांच्या, तेवढं अजून एकदा वाचा.”