अठरा बल्बांचं तोरण

अठरा बल्ब लावून भरल्या मांडवात अंधार कसा पाडायचा, हे मला येतं. मी ते करून दाखवलेलं आहे, तेही सख्ख्या नणंदेच्या लग्नात.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी जालन्यात नवीच सून होऊन आले होते. मामंजी कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिन सांभाळायचे. इंजिनावर डायनामो होता. त्याच्या विजेवर नुसता कारखाना उजळायचा. शेजारच्या आमच्या गल्लीत कंदीलच. मी मामंजींचा डबा घेऊन गेले की तिथला वायरमन नारबा मिस्त्री मला भिंतीवरच्या दोन तबकड्या दाखवायचा.

"ही व्होल्टची, म्हंजे जोर. ही अँपिअरची, म्हंजे धार. जोराला धारंनं गुणलं की वॅट, म्हंजे काम किती झालं ते. अन् भागलं की ओहम, म्हंजे वाटंत आडकाठी किती."

काटे थरथरायचे आणि ते बघून मीही. जे दिसत नाही ते मोजता येतं? म्हणजे देवाचं वजन करण्यासारखंच झालं. (देवाचं अजून झालेलं नाही. विजेचं मात्र मी चौथी पास होऊन करत होते.)

नणंदेची बोलणी चालली होती तेव्हा व्याही म्हणाले, "औरंगाबादेत आमच्या लग्नाला गॅसबत्त्या असत्यात. तुमच्याकडं काय असतंय?"

"बिजली," मामंजी म्हणाले, आणि बोलून बसले.

कारखान्याच्या शेठनं तार ओढायला परवानगी दिली, पण काटा दहा अँपिअरच्या वर जाता कामा नये. नेमका नारबा मिस्त्री आई आजारी म्हणून शहागडला गेलेला. मामंजींना इंजिनाचा नुसता खोकला ऐकून दुखणं कळायचं. विजेतलं काही कळत नव्हतं. पाहुण्यांना दिलेल्या शब्दापायी ते दोन दिवस जेवले नाहीत.

"मामंजी, मी हिशेब करते की," मी म्हणाले.

"जमंल का?"

"बिलकुल. बल्ब साठ वॅटचा, जोर एकशेदहा व्होल्ट. एका बल्बाला अर्ध्या अँपिअरहून जरासं जास्त. दहा अँपिअरात अठरा बल्ब बसतात."

हिशेब बराबर होता. आजही बराबर आहे. मी मेली तिथंच थांबले असते तर!

पण जर्मनच्या लढाईमुळं वायर मिळत नव्हती. प्रत्येक बल्बाला दोन-दोन तारा पुरणार कशा? तेवढ्यात सासूबाई दारात झेंडूचं तोरण ओवताना दिसल्या. एक दोरा, शंभर फुलं. झालं! कारखान्याची तार पहिल्या बल्बात, तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी अठराव्यातून परत कारखान्याकडं.

"बल्ब म्हंजे झेंडू हाय का गं?" सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, तुम्ही फक्त बघा."

गोरज मुहूर्त होता. वऱ्हाड आलं. अर्धी गल्ली नवरी सोडून वरती बघत उभी. मामंजींनी खटका दाबला.

"दाबला का?" आमचे हे शिडीवरून.

"दाबला."

"मंग?"

"मंग तूच सांग की."

काजव्याइतकाही उजेड नव्हता. "बिजली बैलगाडीनं येऊन राह्यली वाटतं," वऱ्हाडातलं कोणीतरी म्हणालं. मामंजी मला रागावले नाहीत. खटका पुन्हापुन्हा दाबत राहिले, आणि ते जास्त वाईट.

"बल्ब जास्त झाले असतील," मी म्हणाले. (तेव्हा मी दिवसाला पाच-सहा वेळा असं काहीतरी म्हणत असे.) "काढा थोडे. जल्दी!"

खटका बंद, दहा बल्ब काढले, तार जोडली, खटका चालू. उरलेल्या आठांत विझत आलेल्या बिडीसारखी लाली. आणखी चार काढले. चुलीतले निखारे. आणखी दोन काढले तर दोन कंदील! बल्ब कमी होतात तसा उजेड वाढतो, हे मांडवात कोणी जन्मात पाहिलं नव्हतं. भटजी मंगलाष्टकं विसरले. शेवटी एकच उरला. खटका दाबला आणि नवरीच्या नथीतले मोती मला मागच्या रांगेतून मोजता आले. माझ्या अंगावर काटा आला. तो अजूनही येतो.

व्याही बराच वेळ तोंड वर करून होते. "पाव्हणे, बाकीचे सतरा कशाला आणल्ते?"

मामंजींनी बल्बाकडं बोट केलं. "त्येंचा बी उजेड ह्याच्यातच घातलाय."

"असं व्हय," व्याही म्हणाले, आणि औरंगाबादेत पुढं कित्येक वर्षं तसंच सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपुढं कोळशानं हिशेब मांडला. एकशेदहाला त्या अर्ध्या-जरा-जास्त अँपिअरनं भागलं: एका बल्बाची आडकाठी दोनशे ओहम. धार एकामागून एक अठरांतून जाणार, म्हणजे आडकाठ्यांची बेरीज छत्तीसशे. मग एकशेदहाला छत्तीसशेनं भागलं, तर धार उरते अँपिअरचा तेहतिसावा हिस्सा. गुणलं, तर अठरा बल्ब मिळून साडेतीन वॅटसुद्धा नाहीत! हजारावर वॅट मी कबूल केले होते. मी हात जोडून त्या आकड्यांकडं बघत बसले. सगळं त्यांना आधीपासून ठाऊक होतं. मीच विचारलं नव्हतं.

मामंजी पाणी प्यायला आत आले, तर त्यांनाही सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले,

"सूनबाई, तुझ्या डोक्यात बी अठरा इचार एकाच माळंत ओवलेले हायेत. त्यातले सतरा काढ, मंग बघ कसा लख्ख उजेड पडंल."