राणी दमलेली दिसते

हौशी नाटकांत मी आयुष्यभर कुणाची तरी आई झाले, शेजारीण झाले, निरोप घेऊन येणारी दासी झाले. एका नाटकात तर नुसती पडद्यामागून रडले. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर आमच्या संस्थेनं स्पर्धेसाठी एक जुनी शोकांतिका काढली आणि त्यातली राणी मला दिली, तेव्हा मी विचार करायला वेळ मागितला नाही. घरी काय चाललंय हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी हो म्हटलं.

नाटकाची गोष्ट साधी. एका सरदाराच्या घरी म्हातारा राजा मुक्कामाला येतो. सरदाराला गादी हवी आहे, पण हात धजत नाही. त्याच्या बायकोला ती त्याच्याहून जास्त हवी आहे. ती त्याला डिवचते, हिणवते, लाडीगोडी लावते आणि शेवटी स्वतःच्या हातानं राजाला गुंगीचं दूध देते. पुढचं काम नवरा करतो. ती राणी होते आणि मग दोघांचंही वाटोळं होतं.

घरी माझी सासू कॉटवर होती. खुब्याचं हाड मोडल्यावर शाहूवाडीकडच्या घराला कुलूप लावून आम्ही तिला शिवाजी पेठेत आणलं होतं. दिवसा ती मजेत असायची. खिडकीतून पेठेतल्या येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची, उशाखालची चंची काढून पान जमवायची आणि त्या चंचीला कुणाला हात लावू द्यायची नाही. रात्री मात्र तिला झोप नसायची. पाणी दे, कूस बदल, बेडपॅन दे, पांघरूण काढ, परत घाल. मुलगा तिचा, पण हाक मला. नवरा फुटबॉलवेडा माणूस, झोपेतही बहुतेक मैदानावरच असायचा. त्याला काही ऐकू यायचं नाही.

सकाळी डबे, मग पतसंस्थेत काउंटर, संध्याकाळी तालमीच्या वरच्या हॉलमध्ये नाटक. खाली पोरं जोर मारायची आणि वर आम्ही राजाला मारायचो. आमचे दिग्दर्शक निवृत्त प्राध्यापक. एकदा सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बाई, तुमची राणी दमलेली दिसते. तिला सिंहासन हवंय. तुम्हाला सिंहासन मिळालं तर तुम्ही त्यावर बसून झोपाल."

सगळे हसले. मीही हसले. मग ते हळूच म्हणाले, की आठवडाभर बघू, नाहीतर भूमिका बदलावी लागेल, त्या कॉलेजच्या मुलीचं सगळं पाठ आहे. रंकाळ्यावरून घरी येताना मला इतकं वाईट वाटलं, की रस्त्यात थांबून पाणी प्यायले. ती मुलगी गुणी होती. मला तिचा रागही धड करता येईना.

झोप मिळाली तर राणी वाचणार होती, एवढं उघड होतं. डॉक्टरांनी सासूसाठी झोपेची हलकी गोळी लिहून दिली होती, पण ती घेईल तर शपथ. सासऱ्यांना दवाखान्यात असताना अशीच गोळी दिली आणि ते सकाळी उठलेच नाहीत, असं तिचं म्हणणं. सासरे कशानं गेले ते कागदावर लिहिलेलं होतं. तिच्या लेखी ते गोळीनं गेले.

"दुधातून द्या, कळणार नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना काय माहीत, की मी रविवारी दुपारी तिच्या कॉटसमोर उभी राहून संवाद पाठ करायचे आणि सगळं नाटक तिनं ऐकलेलं होतं. दुधात गोळी टाकायचं नुसतं मनात आणून, पण न टाकताच मी पेला नेला, तर तिनं त्याचा वास घेतला.

"ह्यात काय घातलंयस?"

"साखर, आत्याबाई."

"मग आदी तू पी."

प्यायले. दूध चांगलं होतं.

नाटकातली ती बाई तिला पसंत नव्हती. वाईट आहे म्हणून नव्हे, तर तिला काम येत नाही म्हणून. "एवढं बडबडून नवऱ्याकडनं काम हुतंय व्हय?" ती म्हणायची. "ह्याला तोंडावर भित्रा म्हणायचं न्हाय. दोन दिस गप बसायचं. भाकरी वाढायची, पर बोलायचं न्हाय. मग त्योच इचारतोय, काय झालं. आन् त्येच्या तोंडातनं बाहीर पडलं की आपुन न्हाय म्हणायचं."

"नाही कशाला म्हणायचं? आपल्याला तर तेच हवं असतं."

"म्हणून तर. आपुन न्हाय म्हटलं की त्यो हट्टाला पेटतोय. मग ते त्येचं हुतंय."

असंच तिनं माझ्या नवऱ्याला शाळेसाठी कोल्हापुरात धाडलं होतं. सासऱ्यांना पोरगा भातशेतीला हवा होता. ती दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी सासरेच म्हणाले, पोराला शहरात ठेवूया. ती म्हणाली, एवढ्या लांब नको बाई. सासरे मरेपर्यंत सांगायचे, की ही तर रडत होती, मीच पोराला शिकवला.

मी ते हॉलवर करून पाहिलं. सरदाराला हिणवायचं वाक्य गाळलं आणि त्याच्या पगडीवरची धूळ झटकत गप्प उभी राहिले. त्यानं शेवटी "मी करतो" म्हटलं, तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. दिग्दर्शक बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "हे ठेवा," म्हणाले. "पण आवाजात जीव नाही. डोळे बघा आपले."

त्या आठवड्यात एकदा संध्याकाळी मी ओट्याशी उभ्याउभ्याच झोपले. दूध उतू जाऊन गॅस विझला. सासूनं कॉटवरून हाका मारल्या तेव्हा जागी झाले. रडू आलं ते आवरता येईना. भूमिका जाणार हे मी तिला सांगून टाकलं. आयुष्यात एकदा मोठं काम मिळालं होतं आणि तेही झोपेपायी जाणार, असं काहीबाही बोलले. तुमच्यामुळे, असं म्हटलं नाही. पण तिला न कळायला ती काही लहान नव्हती.

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. खिडकीतून हाका बंद, पानही नाही. अखेर नवऱ्याच्या लक्षात आलं. रविवारी जेवण झाल्यावर तो कॉटशेजारी खुर्ची घेऊन बसला.

"आई, बोलंनास का? काय दुखतंय?"

"कुटं काय. नीज न्हाय, दुसरं काय."

"मग गोळी घे की. मी सांगतोय न्हवं?"

"नगं बाबा. मला न्हाय मरायचं."

तो पेटला. विज्ञान, डॉक्टर, शेजारच्या कुणाकुणाच्या आया, सगळं झालं. ती नको नको म्हणत राहिली आणि शेवटी सुस्कारा सोडून म्हणाली, "तू एवढं म्हणतोयस तर घेती. पर दुधात नगं. हातावर द्या. काय गिळती ते दिसू दे तरी."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बघितलंस? नीट सांगाय लागतंय."

मी ताटं उचलली. इतकी दमले होते, की मला त्यात काही दिसलंही नाही.

त्या रात्रीपासून हाक आली नाही. मी गोळी तिच्या तळहातावर ठेवायचे, ती तोंडात टाकून घोटभर पाणी प्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची. मी आतल्या खोलीत दगडासारखी झोपायचे. पहिल्या सकाळी उशिरा जाग आली आणि सासरे आठवले. पळत बाहेर आले, तर ती छताकडे बघत होती. म्हणाली, "जित्ती हाय. च्या टाक."

रोज सकाळी तिची चादर मात्र ओली असायची. गुंगीत कळत नसेल, असं मी समजायचे. धुऊन टाकायचे. झोप मिळत होती, तिच्यापुढे चादरीचं काय.

भूमिका राहिली. प्रयोग चांगला झाला. दूध देताना प्रेक्षागृह इतकं शांत होतं, की पेला खाली ठेवल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला म्हणे. नवऱ्यानं आत येऊन माझ्या मेकअपवाल्या तोंडाकडे बघत "भारी झालं" म्हटलं. त्याच्या हिशेबानं ते फार होतं. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता मेले तरी चालेल, पण आधी झोपू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर बदलताना उशी सरकली आणि चंची खाली पडून उघडली. सुपारी घरंगळत कॉटखाली गेली. चुन्याच्या डबीमागच्या कप्प्यात गोळ्या होत्या. थोड्या विरघळून परत वाळलेल्या, काताचे डाग लागलेल्या. मी दिलेल्या सगळ्या असाव्यात.

सासू खिडकीकडे तोंड करून पडली होती. मला आधी संतापच आला. माझ्यासारख्या नाटकवालीला रोज समोरासमोर फसवलं होतं तिनं. मग हातातल्या ओल्या चादरीकडे लक्ष गेलं. ती रात्र रात्र जागी होती. घसा कोरडा पडला, कूस अवघडली, ओल्यात पडून राहिली, पण हाक मारली नाही. मी तिथेच जमिनीवर बसले आणि सुपाऱ्या गोळा करत राहिले, कारण तोंड लपवायला दुसरं काही नव्हतं.

चंची होती तशी उशाखाली ठेवली.

"आत्याबाई, गोळीनं झोप लागते का हो नीट?"

ती वळली. थेट माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "लागती की. मेल्यागत."

एक पापणी हलली नाही.

संध्याकाळी जेवणं उरकल्यावर मी माझं अंथरूण आतून उचलून आणलं आणि तिच्या कॉटला लागून खाली घातलं.

"हितं कशाला ग?"

"आत फार उकडतंय."

दिवस डिसेंबरचे होते. माझ्या अंगावर स्वेटर होता. तिनं स्वेटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पांघरुणातून हात बाहेर काढून म्हणाली, "मग पाणी दे जरा."